सौर कारखाना, शेजारची वस्ती आणि माहितीचा हक्क

आजचा विषय दिसायला थोडा उलटा आहे. सौर ऊर्जेबद्दल आपण बोलतो तेव्हा छपरावरच्या निळ्या-काळ्या पट्ट्यांबद्दल बोलतो. विजेचं बिल किती कमी झालं, अनुदान किती मिळालं, पाच-सहा वर्षांत पैसे वसूल होतात की नाही, याबद्दल बोलतो. ते पॅनल जिथे तयार होतं त्या कारखान्याबद्दल आपण सहसा बोलत नाही. आणि त्या कारखान्याच्या कुंपणाला लागून ज्यांचं घर आहे, ज्यांची मुलं शेजारच्या शाळेत जातात, त्यांच्याबद्दल तर नाहीच.

तर आज आपण त्या शेजाऱ्यांचा इतिहास पाहणार आहोत. कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, चीनमधली दोन गावं आणि अमेरिकेच्या साऊथ कॅरोलिनामधलं एक उपनगर, असा आपला प्रवास आहे आणि शेवटी आपण आपल्याकडे येऊ. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. हे व्याख्यान सौर ऊर्जेच्या विरोधात नाही. कोळशाची राख, खाणी आणि धूर यांच्याशी तुलना केली तर सौर वीज निश्चितच बरी. पण एखादी वस्तू चांगली आहे म्हणून ती बनवण्याची प्रत्येक पायरी निर्धोक होत नाही. आणि इतिहासात वारंवार असं दिसतं, की ‘स्वच्छ उद्योग’ हा शब्द एकदा चिकटला की शेजाऱ्यांनी विचारायचे प्रश्न विचारलेच जात नाहीत, किंवा विचारले तर ते अडाणीपणाचे ठरतात.

आधी कारखान्यात डोकावू

‘सौर पॅनलचा कारखाना’ हा शब्द आपण वापरतो, पण त्यात निदान तीन वेगवेगळे उद्योग दडलेले आहेत. हा फरक लक्षात आला नाही तर पुढचा सगळा इतिहास धूसर राहील.

पहिला उद्योग म्हणजे शुद्ध सिलिकॉन बनवणं. वाळूतल्या गारेपासून सिलिकॉन काढतात, ते क्लोरीनयुक्त संयुगांमधून नेऊन अतिशय शुद्ध करतात. याला पॉलिसिलिकॉन म्हणतात. या प्रक्रियेत सिलिकॉन टेट्राक्लोराइड नावाचं द्रव उपउत्पादन म्हणून निघतं, आणि तेही भरपूर. एक टन पॉलिसिलिकॉनमागे काही टन. हे द्रव हवेतल्या ओलाव्याला लागलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो आणि मागे पांढरी भुकटी उरते. ते गोळा करून पुन्हा प्रक्रियेत वापरता येतं. पण त्यासाठी यंत्रसामग्री लागते, ऊर्जा लागते, पैसा लागतो.

दुसरा उद्योग सेल बनवण्याचा. सिलिकॉनच्या पातळ चकत्या आम्लात किंवा अल्कलीत बुडवून त्यांचा पृष्ठभाग खरबरीत करतात, म्हणजे प्रकाश परावर्तित न होता आत शिरतो. मग त्यात फॉस्फरससारखं मूलद्रव्य मिसळतात. वर तयार झालेला काचेसारखा थर हायड्रोफ्लोरिक आम्लाने धुऊन काढतात. त्यानंतर सिलेन आणि अमोनिया हे वायू वापरून निळसर थर चढवतात. सेलचा तो ओळखीचा रंग या थरामुळेच येतो. यातलं हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत शिरतं आणि शरीरातल्या कॅल्शियमला जाऊन चिकटतं, म्हणून ते हाताळणाऱ्या कारखान्यात कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी ठेवावं लागतं. आणि सिलेन हा वायू असा, की गळती झाली तर त्याला ठिणगीची गरज नसते. हवेशी गाठ पडताच तो पेटू शकतो.

तिसरा उद्योग जोडणीचा. तयार सेल आणायचे, त्यांना तारांच्या पट्ट्या जोडायच्या, काच आणि प्लास्टिकच्या थरांमध्ये दाबून बसवायचे, ॲल्युमिनियमची चौकट लावायची. इथे आम्लांचे हौद नसतात, सिलेनच्या टाक्या नसतात. धोका आहे, पण तो साधारण इतर जोडणी कारखान्यांसारखा.

तिन्हींच्या फाटकावर पाटी मात्र एकच असते: सोलर. शेजाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न इथेच आहे. यांतलं नेमकं काय चालणार आहे?

सॅन होजे, 1981

आता इतिहासाकडे वळू. सौर उद्योग हा इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचा धाकटा भाऊ आहे. सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौर सेल 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजने जगापुढे ठेवला, त्याच प्रयोगशाळेने, जिथे ट्रान्झिस्टर जन्मला. चकत्या, आम्लं, वायू, धुण्याच्या पद्धती, सगळं एकाच घराण्यातलं. त्यामुळे सौर कारखान्याच्या शेजाऱ्यांची गोष्ट खरं तर चिपच्या कारखान्याच्या शेजाऱ्यांपासून सुरू होते.

कॅलिफोर्नियातली सांता क्लारा काउंटी म्हणजे एके काळी फळबागांचा मुलूख. तिथे इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. कारण धुराडी नव्हती. हिरवळ, बैठ्या इमारती, पांढरे कोट घातलेले कामगार. कारखान्यापेक्षा महाविद्यालयाचं आवार वाटावं असं रूप. ‘बिनधुराड्याचा उद्योग’ अशी त्याची ओळख झाली. घरं आणि शाळा त्याच्या जवळ उभ्या राहिल्या, कारण दूर राहण्याचं कारणच कोणाला दिसत नव्हतं.

सॅन होजेच्या दक्षिण भागात फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर कंपनीचा कारखाना होता. चकत्या धुण्यासाठी वापरलेला ट्रायक्लोरोइथेन हा द्रावक जमिनीखालच्या टाकीत साठवला जात असे. 1981 च्या शेवटी लक्षात आलं, की ती टाकी गळते आहे आणि द्रावक भूजलात उतरून पिण्याच्या पाण्याच्या एका विहिरीपर्यंत पोचला आहे. विहीर बंद करण्यात आली. पण शेजारच्या लॉस पासेओस या वस्तीतल्या लोकांना हे कळलं ते काही आठवड्यांनी, जानेवारी 1982 मध्ये, आणि तेही वर्तमानपत्रातून.

वस्तीतल्या एका आईने, जिच्या बाळाला जन्मतःच हृदयाचा विकार होता, घरोघर फिरून इतर आजारी मुलांची नोंद सुरू केली. मग राज्याच्या आरोग्य विभागाला अभ्यास करावा लागला. 1985 मध्ये आलेल्या निष्कर्षात त्या वस्तीत गर्भपाताचं आणि जन्मजात व्यंगांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचं दिसलं. पण त्याचं कारण तो द्रावकच, असं सिद्ध करता आलं नाही. कोणी किती पाणी प्यायलं, कधी प्यायलं, त्यात तेव्हा द्रावक किती होता, याचं मोजमाप कोणाकडेच नव्हतं.

ही अर्धवट राहिलेली गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे. शेजाऱ्यांच्या तक्रारींना पुष्कळदा ‘पुरावा कुठे आहे?’ असं उत्तर मिळतं. पुरावा नसतो, कारण मोजणी झालेली नसते. मोजणी होत नाही, कारण काय मोजायचं हेच बाहेरच्यांना ठाऊक नसतं. आणि ते ठाऊक नसतं, कारण कारखान्यात काय साठवलं आहे याची यादी कुंपणाच्या आत असते.

त्या संतापातून 1982 मध्ये ‘सिलिकॉन व्हॅली टॉक्सिक्स कोॲलिशन’ ही संघटना उभी राहिली. टेड स्मिथ हे तिचे संस्थापक. अग्निशामक दलाचे लोक आणि कामगार संघटनाही सोबत आल्या, कारण आग विझवायला आत शिरणाऱ्याला आत काय आहे हे कळायला हवं, ही साधी गोष्ट त्यांना पटत होती. पुढे त्या काउंटीतल्या शहरांनी रसायनसाठ्यांची नोंद, दुहेरी भिंतींच्या टाक्या आणि गळतीवर देखरेख यांची सक्ती करणारे नियम केले. एवढ्या छोट्या काउंटीत वीसहून अधिक जागा अमेरिकेच्या ‘सुपरफंड’ यादीत, म्हणजे सफाईची तातडीची गरज असलेल्या प्रदूषित जागांच्या यादीत गेल्या. बिनधुराड्याच्या उद्योगाने धूर सोडला नव्हता. जे सोडलं ते जमिनीखाली होतं.

भोपाळ आणि दोन कायदे

याच काळात, 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री, भोपाळ घडलं. त्याची हकिकत इथे पुन्हा सांगायला नको. आपल्या विषयाशी त्याचा धागा असा आहे. त्या रात्री वस्तीतल्या लोकांना वायू कोणता हे माहीत नव्हतं, कोणत्या दिशेला पळायचं हे माहीत नव्हतं, तोंडावर ओला कपडा धरावा एवढी साधी सूचनाही त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. डॉक्टरांनाही आपण कशावर उपचार करतो आहोत हे धड कळत नव्हतं.

भोपाळनंतर अमेरिकेने 1986 मध्ये आपत्कालीन नियोजन आणि वस्तीचा माहितीचा हक्क यांबद्दलचा कायदा केला. कारखान्याने ठराविक प्रमाणापेक्षा जास्त धोकादायक रसायन ठेवलं तर ते स्थानिक यंत्रणेला कळवायचं, आणि नागरिकाला ती माहिती मागता येईल. सॅन होजेच्या शेजाऱ्यांनी जे मागितलं होतं ते देशपातळीवर आलं, पण त्यासाठी भोपाळच्या माणसांना मरावं लागलं.

आणि आपण काय केलं? आपणही केलं. 1987 मध्ये आपल्या कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांबद्दल एक नवं प्रकरण घालण्यात आलं. त्यातल्या कलम 41ख नुसार धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखानदाराने धोक्यांची आणि त्यावरच्या उपायांची माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या सर्वसामान्य जनतेला द्यायची होती. जागेची छाननी करणाऱ्या समितीचीही तरतूद त्याच प्रकरणात होती. 1989 च्या घातक रसायनांबद्दलच्या नियमांनी आणखी पुढे जाऊन सांगितलं, की मोठ्या अपघाताचा फटका ज्यांना बसू शकतो अशा बाहेरच्या लोकांना धोक्याचं स्वरूप आणि काय करावं, काय करू नये हे कारखानदाराने आधी कळवावं. म्हणजे कागदावर आपण मागे नाही. तो कागद वस्तीपर्यंत पोचतो का, हा प्रश्न आपण शेवटी घेऊ.

गाओलोंग, 2008

आता सौर उद्योगाकडे येऊ. 2000 नंतरच्या दशकात युरोपात, विशेषतः जर्मनीत, सौर विजेला सरकारी आधार मिळाला आणि पॅनलची मागणी एकदम वाढली. पॉलिसिलिकॉनचा जगभर तुटवडा पडला, भाव कित्येक पटींनी चढले. चीनमध्ये नवे कारखाने घाईघाईने उभे राहू लागले.

मार्च 2008 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने चीनच्या हनान प्रांतातल्या गाओलोंग या ठिकाणाहून एक वृत्तांत छापला. जवळच्या पॉलिसिलिकॉन कारखान्याचे ट्रक येत आणि मक्याची शेतं नि प्राथमिक शाळेचं मैदान यांच्या मधल्या जागेत फसफसणारं पांढरं द्रव ओतून जात. ते सिलिकॉन टेट्राक्लोराइड होतं. जमिनीवर पांढरी भुकटी साचत होती, पिकं तग धरत नव्हती.

हे का घडलं, याचं उत्तर तंत्रज्ञानात नाही. ते द्रव परत वापरण्याची पद्धत तेव्हाही माहीत होती आणि इतर देशांतले कारखाने ती वापरत होते. पण ती यंत्रणा बसवायची तर खर्च वाढतो आणि उत्पादन सुरू व्हायला वेळ लागतो. भाव आकाशाला भिडलेला असताना थांबायला कोण तयार? हिशोब सरळ होता, आणि त्या हिशोबात शाळेचं मैदान कुठेच नव्हतं. पुढे 2011 च्या सुमारास चीन सरकारने पॉलिसिलिकॉन उद्योगासाठी अटी घातल्या. त्यांत सिलिकॉन टेट्राक्लोराइडचं किमान 98.5 टक्के पुनर्वापर करण्याची अट होती. म्हणजे जे 2008 मध्ये परवडत नव्हतं, ते तीन वर्षांत परवडू लागलं. फरक पडला तो नियमामुळे, आणि नियम आला तो बोभाटा झाल्यामुळे.

होंगशियाओ, 2011

चीनमधलंच दुसरं गाव जेज्यांग प्रांतातलं, हायनिंग शहराच्या हद्दीतलं होंगशियाओ. इथे जिंकोसोलर या कंपनीचा कारखाना होता आणि त्यात सेल बनत होते. म्हणजे आपण मघाशी पाहिलेला दुसरा उद्योग, आम्लाचा. गावाची घरं लागूनच, शाळा आणि बालवाडीही जवळ.

हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरलेलं पाणी तसंच सोडता येत नाही. त्यात चुना मिसळून फ्लोराइडचा गाळ खाली बसवतात. असा फ्लोराइडयुक्त घनकचरा नीट झाकून, बंदिस्त ठेवायचा असतो. ऑगस्ट 2011 च्या अखेरीस पाऊस झाला, आणि नीट न साठवलेला कचरा पावसाच्या पाण्याबरोबर जवळच्या लहान नदीत गेला. मासे मरून वर आले. तपासणीत फ्लोराइडचं प्रमाण मर्यादेच्या सुमारे 10 पट आढळलं.

15 सप्टेंबरच्या संध्याकाळी सुमारे 500 गावकरी कारखान्याच्या फाटकापाशी जमले आणि त्यांनी जाब विचारला. काही जण आत घुसले, कंपनीच्या गाड्या उलथल्या, कार्यालयांची मोडतोड झाली. हे तीन-चार दिवस चाललं. पोलिसांनी धरपकड केली. शेवटी प्रशासनाने कारखान्याला उत्पादन थांबवायला सांगितलं, कंपनीने जाहीर माफी मागितली, 4,70,000 युआन दंड झाला. काही आठवड्यांत कारखाना पुन्हा सुरू झाला.

या प्रकरणातले दोन तपशील आपल्यासाठी फार मोलाचे आहेत.

पहिला असा. हायनिंगच्या पर्यावरण विभागाच्या अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं, की या कारखान्याची कचरा-विल्हेवाट एप्रिलपासूनच तपासणीत नापास होत होती आणि त्याला इशारे दिले गेले होते. म्हणजे एप्रिल ते ऑगस्ट, पाच महिने, सरकारी फायलीत ती नोंद होती. नदीकाठच्या माणसाला ती नोंद दिसली नाही, त्याला दिसले ते मेलेले मासे. आणि जिथे कागद मिळत नाही तिथे अफवा मिळते. गावात कर्करोगाच्या रुग्णांचे आकडे फिरू लागले. इंटरनेटवर असे आकडे पसरवल्याबद्दल पोलिसांनी एकाला ताब्यातही घेतलं. आकडा खरा की खोटा, हे तपासायचं तर गावाकडे साधन काय होतं? अफवेला आळा घालायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खरी माहिती वेळेवर देणं. तो उपाय तेव्हा पाच महिने टेबलावर पडून होता.

दुसरा तपशील न्यूयॉर्कचा आहे. ही कंपनी मे 2010 मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात दाखल झाली होती. त्या वेळच्या माहितीपत्रकात, प्रदूषण रोखणारी यंत्रणा बसवली आहे, देखरेखीसाठी चोवीस तास पथकं आहेत, अशी वर्णनं होती. सप्टेंबर 2011 मध्ये दंगलीच्या बातम्या आल्या, शेअर कोसळला, आणि गुंतवणूकदार अमेरिकेतल्या न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. पण 31 जुलै 2014 रोजी तिथल्या दुसऱ्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला. त्याचं म्हणणं साधारण असं: यंत्रणा आहे असं सांगायचं आणि ती प्रदूषण रोखण्यात कमी पडते आहे हे दडवायचं, याने गुंतवणूकदाराची दिशाभूल होऊ शकते.

निकाल योग्यच होता. पण जरा दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहू. कारखान्यापासून हजारो मैलांवर बसलेल्या भागधारकाला, ‘तुम्ही मला प्रदूषणाबद्दल पूर्ण सांगितलं नाही’ असं म्हणून कोर्टाचं दार ठोठावता आलं. कारखान्याच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या गावकऱ्याला हातात दगड घेण्याआधी असं एकही दार सापडलं नाही. माहितीचा हक्क पैसे गुंतवणाऱ्याला मिळाला होता. आयुष्य गुंतलेल्याला मिळाला नव्हता. दगडफेकीचं समर्थन आम्ही करत नाही. पण ती कुठून आली हे समजून घ्यायचं तर हे दोन हक्क एकमेकांशेजारी ठेवून पाहावेच लागतात.

फोर्ट मिल, 2023 आणि पुढे

आता कोणी म्हणेल, चीनचं वेगळं, लोकशाहीत असं होत नाही. म्हणून अलीकडचं उदाहरण घेऊ. अमेरिकेत 2022 च्या एका मोठ्या कायद्याने देशांतर्गत सौर उत्पादनाला करसवलती दिल्या. सप्टेंबर 2023 मध्ये सिल्फॅब सोलर या कॅनडातल्या कंपनीने साऊथ कॅरोलिनामधल्या फोर्ट मिल इथे सेल आणि पॅनलचा कारखाना काढत असल्याचं जाहीर केलं. गुंतवणूक 15 कोटी डॉलर, नोकऱ्या 800. इमारत तयार गोदामाची होती, तिच्याभोवती वसाहती, आणि शेजारच्या जागेवर सार्वजनिक शाळा उभ्या राहणार होत्या.

इथे कागद उपलब्ध होते. परवान्याच्या अर्जांमधून लोकांना सिलेन आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल ही नावं सापडली. पालकांनी ती वाचली, बैठका घेतल्या, सह्या गोळा केल्या. कंपनीचं म्हणणं, आमच्या सुरक्षा यंत्रणा पुरेशा आहेत, सगळं नियमांत बसतं. पालकांचं म्हणणं, यंत्रणा कितीही चांगली असो, पाच वर्षांच्या मुलांची शाळा शेजारी असताना चुकीला जागाच उरत नाही.

वाद अखेर एका रूक्ष शब्दावर येऊन थांबला: ‘हलका उद्योग’. ती जमीन हलक्या उद्योगासाठी राखलेली होती. सौर पॅनलचं उत्पादन हलक्या उद्योगात बसतं का? मे 2024 मध्ये काउंटीच्या भूवापरविषयक अपील मंडळाने निर्णय दिला, की बसत नाही. शेजारी जिंकले असं वाटलं. पण कंपनीला त्याआधीच होकार मिळालेला असल्यामुळे हा निर्णय तिला मागे जाऊन लागू होत नाही, अशी भूमिका काउंटी प्रशासनाने घेतली. काम चालू राहिलं, प्रकरण न्यायालयात गेलं.

होंगशियाओत माहिती मिळाली नाही. फोर्ट मिलमध्ये ती मिळाली, पण जागेचा निर्णय होऊन गेल्यावर. इमारत घेतली गेली, सवलती ठरल्या, नोकऱ्यांचे आकडे जाहीर झाले, आणि मग लोकांनी अर्ज वाचायला सुरुवात केली. त्या टप्प्यावर प्रत्येक प्रश्न हा ‘विकासाला विरोध’ वाटतो, कारण तोवर कोणाचे तरी कोट्यवधी रुपये किंवा डॉलर त्यात अडकलेले असतात. माहितीचं मोल तारखेवर ठरतं. निर्णयाच्या आदल्या दिवशी ती हत्यार असते, दुसऱ्या दिवशी ती फक्त चिंता असते.

आणि आपल्याकडे

आता महाराष्ट्रात येऊ. वस्ती आणि कारखाना जवळ आले की काय होतं हे आपल्याला डोंबिवलीने दोनदा दाखवलं, 26 मे 2016 ला आणि पुन्हा 23 मे 2024 ला. दोन्ही वेळा औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. फोर्ट मिलमध्ये कारखाना वस्तीकडे आला. डोंबिवलीत साठच्या दशकात कारखान्यांसाठी घेतलेल्या जमिनीकडे वस्ती सरकत गेली. अंतर दोन्हीकडून कमी होऊ शकतं, म्हणून राखण दोन्हीकडून लागते. कारखान्याला परवानगी देणारं एक कार्यालय, इमारतीला परवानगी देणारं दुसरं, आणि दोघांच्या मधली मोकळी पट्टी मात्र कोणाचीच नाही, अशी आपली सर्वसाधारण अवस्था.

सौर उद्योगाबाबत आपण आता नेमक्या वळणावर उभे आहोत. इतकी वर्षं भारतात मुख्यतः तिसरा उद्योग होता, जोडणीचा. सेल बाहेरून, बहुतेक चीनमधून यायचे. आपण ते काचेत बसवायचो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2016 मध्ये उद्योगांचं लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा असं वर्गीकरण केलं, तेव्हा सोलर मॉड्यूल बनवणाऱ्या उद्योगाला पांढऱ्या गटात, म्हणजे जवळपास प्रदूषण न करणाऱ्यांत, ठेवलं. जोडणीपुरतं पाहिलं तर ते पटण्यासारखं आहे.

पण आता धोरण बदललं आहे. सरकारी योजनांशी निगडित प्रकल्पांमध्ये मान्यताप्राप्त यादीतलेच सेल वापरावे, ही अट 1 जून 2026 पासून लागू करण्याचं केंद्र सरकारने डिसेंबर 2024 मध्ये ठरवलं. हेतू स्पष्ट आहे: सेल इथेच बनावेत. देशाच्या दृष्टीने ते योग्यही आहे, आयातीवर किती काळ जगायचं? पण याचा दुसरा अर्थ असा, की आजवर होंगशियाओसारख्या गावांनी जे आम्ल, जो वायू आणि जो गाळ सांभाळला, तो आता आपल्या गावांना सांभाळायचा आहे. आणि भीती ही, की जोडणीच्या कारखान्यामुळे मिळालेला ‘पांढरा’ हा लौकिक सेलच्या कारखान्यालाही सवयीने चिकटेल. ग्रामसभेत ठराव येईल तेव्हा शब्द एकच असेल, ‘सोलर कंपनी येते आहे’. आणि सगळे टाळ्या वाजवतील.

टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण त्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. सेल बनणार की फक्त जोडणी होणार? साठवणार काय, आणि एका वेळी किती? फ्लोराइडचा गाळ पावसाळ्यात कुठे राहणार? आणि शाळेपर्यंतचं अंतर किती, नकाशावरचं नव्हे, वाऱ्याच्या दिशेने मोजलेलं? यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. हे प्रश्न विचारणारा माणूस विकासविरोधी नाही. सॅन होजेच्या त्या आईने हेच विचारलं होतं, आणि आज जगातल्या कित्येक कारखान्यांच्या टाक्यांना दुहेरी भिंत आहे, त्यात तिचा वाटा आहे.

भोपाळनंतर कायद्यात आलेलं ‘आसपासच्या सर्वसामान्य जनतेला’ हे शब्द आपण मघाशी पाहिले. त्यांचा अर्थ सरळ आहे. माहिती मागायला शेजाऱ्याने तालुक्याच्या कार्यालयात खेटे घालायचे नाहीत, ती देणं हे कारखानदाराचं काम आहे. मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि शाळेच्या कार्यालयात एक पान लागलं तरी पुष्कळ झालं: आत काय आहे, भोंगा वाजला तर काय करायचं, मुलांना कोणत्या दिशेला न्यायचं. सौर उद्योग हा खरंच नव्या काळाचा उद्योग असेल, तर हे पान लावण्याचा मान त्याने पहिल्यांदा घ्यावा.

आपल्यापैकी कोणाच्या गावात किंवा वसाहतीत असा कारखाना येऊ घातला असेल, तर प्रश्नोत्तरांत जरूर सांगावं. आपण इथेच थांबू.